किल्ली मुलांच्या हाती द्या : मंडळीच्या जीवनातून विश्वास पुढच्या पिढीकडे कसा पोचवायचा

नाशिकमधल्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारी एक ठरलेली गोष्ट घडते. दुसरं गीत संपलं की मुलं रांगेनं उठतात आणि मागच्या हॉलमध्ये संडे स्कूलला जातात. तिथे गोष्ट, रंगकाम, पाठांतर, बिस्किटं. इकडे मोठ्यांची उपासना शांतपणे पार पडते. असं दहा-बारा वर्षं चालतं. मग दहावी होते, दृढीकरण होतं, म्हणजे मूल स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून मंडळीचं पूर्ण सभासद होतं, आणि त्याच मुलाला सांगतात की आता तू मोठा झालास, मोठ्यांच्यात बस. ज्या उपासनेत तो कधी शेवटपर्यंत बसलाच नाही, तिथले चेहरे, तिथली भाषा, कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं, सगळंच त्याला परकं. वर्षभर येतो. पुढे क्लास, मग मॅच, मग पुण्याला ॲडमिशन. आणि कमिटीच्या बैठकीत आपण म्हणतो, "हल्लीच्या पोरांना गोडीच नाही."

संडे स्कूल बंद करा असं मी म्हणत नाही. पण विश्वास धड्यातून जेवढा पोचतो त्याहून जास्त कामातून आणि ओळखीतून पोचतो, असं माझं ठाम मत आहे. त्याला आधार पवित्र शास्त्रातलाच. १ शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायात देव लहान शमुवेलाला रात्री हाक मारतो ती गोष्ट आपण सगळ्या मुलांना सांगतो. त्यातल्या दोन ओळी मात्र घाईत सुटतात. एक, शमुवेलाला तोवर परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. दुसरी, सकाळ झाल्यावर त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. म्हणजे काम आधी मिळालं होतं, ओळख नंतर झाली. तिथल्या एली याजकाने पोराला ओळख पटेपर्यंत थांबवून ठेवलं नाही. दारांचं काम सोपवून टाकलं.

पुढचा सगळा लेख ह्या एका गोष्टीवर उभा आहे. पायऱ्या क्रमाने घेतल्या तर बरं, पण तुमच्या मंडळीत एखादी आधीच होत असेल तर पुढे चला.

पहिली पायरी : यादी

काम सेक्रेटरीचं वाटतं, पण सगळं इथेच अडतं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढा आणि मागच्या २५ वर्षांतली नावं एका वहीत उतरवा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी हव्यात : सध्या कुठे राहतो, काय शिकतो किंवा करतो, देवनागरी सलग वाचता येते का, आणि आईवडील सोडून मंडळीतला कोणता मोठा माणूस त्याला नावाने ओळखतो. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहतो. खरं दुखणं तेच.

यादी भागवार करा. शरणपूर आणि गंगापूर रोड एक, सातपूर-अंबड दुसरा, सिडको तिसरा, नाशिकरोड-देवळाली चौथा. नाशिक आता इतकं पसरलंय की सिडकोतल्या मुलाला शरणपूरची मुलं फक्त नाताळात दिसतात. भागवार यादी झाली की एकेका भागात दोन मोठी माणसं नेमा, एक बाई आणि एक पुरुष, आणि मुलं वाटून द्या. एकाकडे पाचाहून जास्त नकोत. ह्या माणसांनी शिकवायचं काहीच नाही. नाव लक्षात ठेवायचं, वाढदिवसाला फोन करायचा, परीक्षेच्या आदल्या दिवशी घरच्यांशी बोलून प्रार्थना करायची आणि रविवारी भेटल्यावर दोन मिनिटं थांबायचं. रिटायर झालेले एचएएलवाले, प्रेसवाले, शाळेतल्या बाई अशी माणसं ह्याला उत्तम. त्यांच्याकडे वेळ असतो आणि त्यांना कोणी काम सांगत नाही.

दुसरी पायरी : भाषेचा प्रश्न टाळू नका

हा भाग लांबणार आहे, कारण आपल्याकडे मुलं सगळ्यात जास्त इथेच गळतात.

आपली मुलं इंग्रजी माध्यमात जातात. घरी मराठी बोलतात, टीव्ही हिंदी, मोबाइल तिन्ही. पण रविवारी जी मराठी कानावर पडते ती वेगळीच : तारण, पातक, अभिषिक्त, समेट, सनातन. 'उपासना संगीत' ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकातल्या ना. वा. टिळकांच्या पदांची मराठी तर आणखी जुनी आणि अतिशय गोड. मुलाला ती चालीवर म्हणता येते, अर्थ विचारला तर खांदे उडवतो. शास्त्रपाठ वाचायला उभं केलं तर जोडाक्षरांवर अडखळतो, मागून कोणीतरी हसतं, आणि तो पुन्हा कधी उभा राहत नाही.

तरुणांसाठी वेगळी इंग्रजी उपासना काढावी, हा ह्यावरचा सोपा वाटणारा उपाय. मोठ्या शहरी मंडळीत तो चालत असेल. दीडशे-दोनशे कुटुंबांच्या मंडळीत तसं केलं की आजी एका खोलीत आणि नातू दुसऱ्या. २ तीमथ्य १:५ मध्ये पौल तीमथ्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. आजीपासून मूल तोडून विश्वास द्यायचा प्रयत्न म्हणजे उलटंच झालं. म्हणून मुख्य उपासना एकत्र आणि मराठीतच ठेवा, पण भाषेचं ओझं एकट्या मुलावर टाकू नका.

प्रत्यक्षात असं करता येतं. येत्या रविवारचे शास्त्रपाठ सोमवारीच ठरवा. ज्या मुलाची पाळी आहे त्याच्या घरी मोठ्या टायपात छापलेला पाठ पाठवा आणि मंडळीतल्या चांगल्या वाचकाच्या आवाजातली व्हॉट्सॲप ऑडिओही. मूल ती ऐकत बोट ठेवून वाचतं. शनिवारी संध्याकाळी एकदा चर्चमध्ये माइकवर सराव, कारण स्वतःचा आवाज भिंतीवर आपटून परत आला की भलेभले घाबरतात. सुरुवातीला ५-६ ओळींचेच पाठ द्या. वंशावळीचा पाठ बिचाऱ्या पोराच्या वाट्याला टाकणारे वाचकप्रमुख मी पाहिलेत, त्यांना देवच क्षमा करो.

देवनागरी शिकवायला संडे स्कूलमध्ये वेगळा तास लागत नाही. गीतं पुरतात. चाल माहीत असली की पुढचा शब्द कुठला येणार हे कानाला कळतं, डोळा मागून येतो. महिन्याला एक गीत घ्या. त्याचं एकेक कडवं मंडळीतल्या एकेका ज्येष्ठाने समजावून सांगायचं : ह्याचा अर्थ काय, आणि हे मी पहिल्यांदा कुठे ऐकलं. कोणी सांगेल वडिलांच्या अंत्यविधीला, कोणी सांगेल मनमाडला रेल्वे क्वार्टरमधल्या घरसभेत. अर्थ विसरेल, ते घर लक्षात राहील.

प्रार्थना मात्र मुलाला ज्या भाषेत सुचते त्या भाषेत करू द्या. अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी असली तरी मध्ये दुरुस्ती करायची नाही.

तिसरी पायरी : खरं काम द्या

खरं काम म्हणजे जे झालं नाही तर अडतं ते. 'बालदिनाला मुलांनी उपासना चालवली' हे कौतुकापुरतं ठीक, पण मुलांना फरक कळतो. दर रविवारी दार उघडणं, घंटा वाजवणं, गीतांचे आकडे फळ्यावर लावणं ही ८-९ वर्षांच्या मुलांची कामं. दानाच्या थैल्या फिरवणं, पुस्तकं वाटणं, आजारी माणसाच्या घरी मोठ्यांबरोबर प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचं, सामान घेऊन जाणं १२ वर्षांनंतर. साउंड सिस्टिम आणि प्रोजेक्टर १४-१५च्या मुलामुलींकडे द्या, ते आपल्यापेक्षा बरंच चालवतात. हार्मोनियम आणि तबला वर्षानुवर्षं एकाच काकांच्या मांडीवर असेल तर त्यांना एक शिष्य घ्यायला लावा. काका रुसतील. पाळकसाहेबांनी जाऊन समजूत काढावी.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे प्रभुभोजनाच्या दिवशी, संडे स्कूल भरवू नका. सगळी मुलं पूर्ण वेळ आत. गोंगाट होईल. दोन-तीन महिन्यांत कमी होतो, आणि प्रवचनही आपोआप आटोपशीर होतं, हा फायदा वेगळाच.

कापणीच्या सणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हा सण म्हणजे आपल्या मराठी मंडळ्यांची मोठी ठेव आहे आणि मुलांच्या हाती सहज देता येतो. कोणी द्राक्षांची क्रेट आणतं, कोणी कांद्याची गोण, मेथीच्या जुड्या, अंडी, गावठी कोंबडा, घरचा केक. उपासनेत ते वेदीपुढे ठेवायचं, मग बाहेर मांडवात लिलाव. एक साधा नारळ चढत चढत हजारावर जातो आणि घेणारा तो पुन्हा लिलावालाच देतो. ह्या दिवशी लिलावाची हाळी १५-१६ वर्षांच्या पोरांना द्या. नोंदवही मुलींकडे, पैसे मोजणं दोन मुलं आणि खजिनदार मिळून. आणि लिलाव संपल्यावर त्याच मुलांसमोर जाहीर करा की किती जमले आणि कुठे जाणार. दान म्हणजे काय हे एका दुपारी कळतं. आदल्या दिवशी जमलं तर दिंडोरी किंवा निफाडकडच्या आपल्याच मंडळीतल्या कोणाच्या मळ्यात त्यांना नेऊन आणा. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने द्राक्षाची वेल बागेत पाहिली की 'मी वेल आहे, तुम्ही फांद्या' ह्या वचनावर वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही; छाटणी कशी करतात तेवढं फक्त बागवाल्याला विचारू द्या.

कॅरोलचंही तसंच. डिसेंबरच्या थंडीत कोणत्या दिवशी कोणता भाग, कोणाच्या घरी किती वेळ, चहा कुठे आणि जेवण कुठे, हा सगळा आराखडा तरुणांनी करायचा. एक अट घाला : जी माणसं आता चर्चला येऊ शकत नाहीत त्यांची घरं आधी.

चौथी पायरी : घर

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद ६:७ मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी ह्या वचनांबद्दल बोल असं सांगितलंय. तिथे चर्चचा उल्लेख नाही. आठवड्यातला एक तास मंडळीचा, बाकीचे घराचे.

पण 'रोज कौटुंबिक प्रार्थना करा' असं वेदीवरून सांगून ती होत नाही. वडील सातपूरला शिफ्टमध्ये, आई दवाखान्यात नर्स, मुलगा आठला क्लासवरून येतो. सगळे एकत्र सापडतात तेव्हा ताटं वाढलेली असतात. मग तीच वेळ धरा. जेवणाआधी ७-८ मिनिटं : एक छोटा उतारा, आज काय बरं झालं ते प्रत्येकाने सांगायचं, एकाने प्रार्थना. आठवड्यातून चार दिवस झालं तरी पुष्कळ. ज्या घरात नवराबायकोपैकी एकजण वेगळ्या धर्मात वाढलेला आहे तिथे जबरदस्ती करू नका. जो प्रार्थना करतो त्याने मुलांदेखत करावी, एवढं बस. आणि पाळकांनी त्या घरी इतर घरांइतकंच जावं, जास्तही नको.

घरसभा फिरत्या ठेवा आणि ज्या घरी सभा आहे तिथल्या मुलाने पहिलं गीत निवडायचं.

पाचवी पायरी : इथली गोष्ट सांगा

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन ओलांडल्यावर बारा दगड रचले, ते कशासाठी? पुढे मुलं विचारतील 'हे काय आहे' म्हणून. नंतर शास्ते २:१० मध्ये अशी पिढी आली की जिला परमेश्वर माहीत नव्हता, आणि त्याने केलेली कामंही माहीत नव्हती. मला ह्या वचनातला दुसरा भाग जास्त बोचतो. आपल्या मुलांना दावीद-गल्याथ ठाऊक असतात, शरणपूर ठाऊक नसतं.

शरणपूर रोडवरून दिवसातून दोनदा जाणाऱ्या मुलाला विचारा, इथे काय होतं? चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये इथे ख्रिस्ती वसाहत वसवली, विल्यम सॉल्टर प्राइस तिचे प्रमुख. धर्म बदलल्यावर घरातून आणि गावातून बाहेर पडलेल्यांना राहायला जागा, हाताला काम आणि मुलांना शाळा मिळावी हा हेतू. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणली गेली. इथे ती वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांच्याबरोबर जी माणसं होती त्यांत ही नाशकात शिकलेली मुलंही होती. वेनराइटनेच अंत्यविधीचा पाठ वाचला, झाडावर नाव कोरलं. कित्येक महिने चालत त्यांनी तो देह किनाऱ्यावर आणला. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत वेनराइट होता. पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली, तिथेही इथली आफ्रिकन मंडळी गेली. नाशिकच्या चौदा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात उभं राहून सांगा आणि चेहरा बघा.

ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, त्र्यंबकेश्वरजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या स्वतःच्या मनाशी, समाजाशी आणि नवऱ्याशीही भांडत राहिल्या. माझा नवरा ख्रिस्ती म्हणून मी ख्रिस्ती, असं त्यांनी केलं नाही. 'आईबाप ख्रिस्ती म्हणून मी ख्रिस्ती' एवढ्यावर थांबलेल्या आपल्या मुलांना ही बाई आवर्जून भेटवा.

वर्षातून एक शनिवार ठेवा. सकाळी शरणपूर, मग दफनभूमीत आपापल्या घरच्यांच्या कबरी शोधून साफ करणं, नावं-सालं वहीत लिहिणं. दुपारी एखाद्या आजोबांची मुलाखत मोबाइलवर. प्रश्न मुलांनीच काढायचे. आजोबांनी 'आमच्या वेळी शिस्त होती' सुरू केलं तर मुलांनी न रागावता पुढचा प्रश्न विचारायचा, हे आधीच शिकवून ठेवा. कॅथलिक मित्र असतील तर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेलाही एकदा नेऊन आणा. आपल्याहून वेगळ्या रीतीने प्रार्थना करणारी एवढी माणसं मुलांनी एकदा पाहावीत.

सहावी पायरी : प्रश्न

शाळेतला मित्र विचारतो, "तुम्ही नंतर झालात ना ख्रिश्चन?" घरमालक विचारतो. गणपतीत सोसायटीच्या आरतीला थांबायचं की नाही, प्रसाद घ्यायचा की नाही, हे मुलांना दरवर्षी पडणारे प्रश्न आहेत आणि प्रवचनात ते कधीच येत नाहीत. महिन्याला एक संध्याकाळ ह्यासाठी. चिठ्ठ्या टाकायच्या, नाव लिहायचं नाही. पाळकांबरोबर एक तरुण जोडपं आणि एखादी शिक्षिका बसवा. उत्तर नसेल तर पुढच्या वेळी वाचून येतो म्हणावं. शेजाऱ्याशी आदराने वागण्यात आणि आपला विश्वास स्पष्ट सांगण्यात विरोध नाही, हे त्यांनी मोठ्यांच्या वागण्यात बघायला हवं. दुसऱ्यांच्या देवांची टिंगल करून आपल्या मुलांचा विश्वास पक्का होत नाही, ती फक्त उद्धट होतात.

सातवी पायरी : दृढीकरणाचा वर्ग

तीन रविवारांत दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना पाठ करून बिशपसाहेबांपुढे उभं करणं थांबवा. किमान सहा महिने, आणि दहावीच्या वर्षात नकोच. नववीत किंवा अकरावीत घ्या. प्रत्येक मुलाला पहिल्या पायरीतलं मोठं माणूस जोडा. वर्गाचा अर्धा वेळ शिकणं, अर्धा वेळ काम. जो म्हणेल 'माझं अजून ठरलं नाही', त्याला पुढच्या वर्षी ये म्हणा आणि आईवडिलांना समजावा की ह्यात नाक कापलं जात नाही. दृढीकरणानंतरच्या पहिल्याच महिन्यात प्रत्येकाला एका समितीत, संघात किंवा गायनपथकात नेमकी जबाबदारी लिहून द्या.

सुरक्षितता

ह्याला मी पायरीचा क्रमांक देत नाही, कारण ही सगळ्यांच्या आधी हवी. मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीही नको, नेहमी दोघे. वर्गाचं दार उघडं. सहलीला मुलींबरोबर बायका हव्यातच. एकट्या मुलाशी रात्री खाजगी मेसेज नाहीत. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळीतच मिटवू' हा पर्याय कायद्यात नाही आणि शुभवर्तमानातही नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर हॉलच्या भिंतीवर मुलांना दिसेल अशा उंचीवर लावा.

गेलेल्यांचं काय

पुणे, बंगळुरू, दुबई. मूल जायच्या आधी तिथल्या मंडळीच्या पाळकांना फोन करा आणि मुलाच्या हाती पत्र द्या. पहिले दोन महिने महत्त्वाचे. त्या काळात जोडलेल्या मोठ्या माणसाने दर पंधरवड्याला फोन करावा, 'चर्चला जातोस का' हा पहिला प्रश्न नको, जेवणाचं विचारा. सुट्टीत परत आल्यावर पाहुणा म्हणून पुढच्या बाकावर बसवू नका. त्या रविवारी शास्त्रपाठ त्यालाच द्या.

पैसे आणि शिक्षक

वार्षिक बजेटमध्ये मुलांच्या कामासाठी वेगळी ओळ हवी. रंगपेट्या आणि बिस्किटं शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून आणायची ही रीत मोडा. जूनमध्ये शाळा सुरू होताना वर्षाचा आराखडा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीपुढे ठेवा. मार्चमध्ये काही नवं सुरू करू नका, परीक्षा आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ एकत्र येतात. बैठकीला दोन तरुण बोलवा, मतासह, चहा द्यायला नाही. आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना आळीपाळीने सुट्टी द्या. काही जणींनी वर्षानुवर्षं रविवारचं प्रवचन ऐकलेलं नाही, आणि आपण त्यांनाच सांगतो की मुलांना उपासनेची गोडी लावा.